ताठ बसायचं तर

लाकडी स्टुलावर पाठ सरळ करून बसा आणि दोन्ही तळहात बुडाखाली सरकवा. डावी-उजवीकडे एकेक टणक उंचवटा हाताला लागेल. ती आपली बैठकीची हाडं. आता हात तसेच ठेवून कमरेतून हळूहळू पुढे वाका. उंचवट्यांचा दाब कमी होतो आणि भार पुढच्या मऊ भागाकडे सरकतो. सायकलच्या सीटबद्दल काहीही समजून घ्यायचं असेल तर सुरुवात इथून करावी. दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या सीटांकडे बघून काही कळत नाही.

रेसच्या सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो. त्याचं वजन हात, पाय आणि बैठक यांच्यात वाटलं जातं, खड्डा आला की कोपरं दुमडतात आणि निम्मा धक्का तिथेच विरतो. ताठ बसणाऱ्याला ही सोय नाही. हँडल सीटपेक्षा उंच, हात नुसते टेकलेले, पाठ सरळ. शरीराचा बहुतेक भार त्या दोन हाडांवर, आणि खालून आलेला धक्का हाडांमधून थेट मणक्यांत. म्हणून ताठ सायकलची सीट मागे रुंद असावी लागते आणि तिच्याखाली दबून पुन्हा उठणाऱ्या स्प्रिंगा असाव्या लागतात. वर काय असावं, फोम की जेल की चामडं, यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत चामड्याच्या बाजूचं आहे आणि ते मी आता सविस्तर मांडणार आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि राजारामपुरीतल्या शाळेत शिकवायला सायकलने जाते. काळी लेडीज सायकल, दांड्यांचे ब्रेक, मागे कॅरियर, चेनला पूर्ण झाकण. शाळेतल्या मुली गिअरच्या सायकली चालवतात आणि माझ्या शेजारून झपकन पुढे जातात. मला त्या वेगाचं काही पडलेलं नाही. सरळ बसून, मान वर ठेवून, कोण कुठून वळतंय ते बघत, ओळखीच्या माणसाला हात करत जाता येतं, हीच या सायकलची खरी चैन. ती चैन टिकते कशावर, तर बुडाखालच्या वीतभर जागेवर.

या काळ्या सायकलची रचना नीट पाहिली तर लक्षात येतं की तिचा प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून आहे. सीटखालचा पाइप हल्लीच्या सायकलींपेक्षा जास्त मागे कललेला असतो, त्यामुळे बसणारा पेडलच्या बराच मागे बसतो. चाकं मोठी, टायर जाड, हँडलची टोकं मागे वळलेली. या सगळ्याचा हेतू एकच: चालवणाऱ्याला खुर्चीत बसल्यासारखं बसवणं. तसं बसवल्यावर पाठीची जबाबदारी सीटवर येते, आणि म्हणून या सायकलींना पूर्वी जाड स्प्रिंगांवर ताणलेलं चामडं असायचं.

स्प्रिंगा आधी आल्या आणि हवेचे टायर नंतर, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. इंग्लंडमधल्या जे. के. स्टार्लीची रोव्हर ही आजच्या सायकलची आई म्हणावी अशी सायकल १८८५ मध्ये आली तेव्हा तिच्या चाकांवर भरीव रबर होतं. डनलॉपचा हवेचा टायर आला १८८८ मध्ये. तोपर्यंत दगडी रस्त्यावरचा प्रत्येक हादरा चाकातून लोखंडी सांगाड्यात आणि सांगाड्यातून माणसात यायचा. त्याला अडवायला मध्ये फक्त सीट होती. हवेचे टायर आल्यावर शर्यतीच्या सायकलींनी स्प्रिंगा काढून टाकल्या, वजन वाचलं. ताठ बसणाऱ्यांनी मात्र त्या ठेवल्या, आणि योग्य केलं. हवेचा टायर खडी आणि बारीक खडबड खातो. गतिरोधक किंवा पावसाने उखडलेला खड्डा हे त्याच्या आवाक्यापलीकडचं काम आहे.

आता माझ्या सीटबद्दल. ती इंग्लंडमधल्या ब्रुक्स कंपनीची आहे. धाकटा भाऊ बर्मिंगहॅमजवळ नोकरीला असतो, त्याने एका सुट्टीत येताना आणली. जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा सुरू केला. कंपनी सांगते ती हकिकत अशी, की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, नवा घेणं परवडेना म्हणून तो उसन्या सायकलवर कामाला जाऊ लागला आणि त्या सायकलच्या सीटने त्याला इतका त्रास दिला की चामड्याचं काम हातात असलेल्या त्या माणसाने स्वतःच सीट करायला घेतली. सीटचं पेटंट १८८२ चं. पुढे अनेक दशकं या सीटा बर्मिंगहॅमला लागूनच असलेल्या स्मेथिकमध्ये तयार होत राहिल्या. २००२ पासून कंपनीची मालकी सेल रॉयल या इटालियन कंपनीकडे आहे. स्मेथिकमध्ये भारतीयांची, विशेषतः पंजाब्यांची, मोठी वस्ती आहे. माझा भाऊ तिथे किराणा आणायला जातो. गंमत म्हणजे त्या भागाचे पोस्टाचे कोड बी ६६ आणि बी ६७ आहेत, आणि ब्रुक्सच्या ताठ सायकलसाठीच्या दोन प्रसिद्ध स्प्रिंगवाल्या सीटांची नावंही तीच! बी ६६ हे सीटचं नाव त्या कोडच्या आधीचं, त्यामुळे हा निव्वळ योगायोग.

बी ६६ आणि बी ६७ यांच्यात वरून बघताना काही फरक दिसत नाही. खालून उलटं करून बघावं लागतं. बी ६६ ला खाली सळ्यांच्या दोन जोड्या असतात. आपल्या काळ्या सायकलींना जो साधा सरळ सीट पाइप असतो, त्याच्यावर बसणाऱ्या जुन्या क्लॅम्पसाठी, म्हणजे सीट पकडणाऱ्या लोखंडी चिमट्यासाठी, ती केलेली. बी ६७ ला सळ्यांची एकच जोडी, हल्लीच्या सीटपोस्टसाठी, म्हणजे सीट धरणाऱ्या नळीसाठी. भावाने फोनवर विचारलं होतं, कोणती आणू? मी मेकॅनिकमामांना विचारलं. त्यांनी माझ्या सायकलचा पाइप बघितला आणि म्हणाले, "ताई, डबल सळीची सांगा. सिंगलवाली आली तर मग क्लॅम्प शोधत फिरायला लागंल." कुणी घेणार असेल तर एवढं आधी पाहून घ्यावं.

ही सीट हातात घेतली की पहिल्यांदा तिचं वजन जाणवतं. सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरणारी ब्रुक्सचीच बी १७ ही सायकलवरून देशाटन करणाऱ्यांची आवडती सीट, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली. तिला स्प्रिंगा नाहीत आणि तिची रुंदी साधारण १७५ मिलिमीटर. माझी त्याहून बरीच जड आणि रुंदी २०० मिलिमीटरच्या वर. जरा वाकून झुकून चालवणाऱ्याला बी १७ पुरते. ताठ बसलं की हाडं मागे टेकतात आणि त्यांना ती जास्तीची रुंदी लागते.

वरचं चामडं पाच-साडेपाच मिलिमीटर जाड. त्याच्या खाली गादी नाही, फोम नाही, लाकूड नाही, काहीच नाही. मागे एक वाकवलेली लोखंडी पट्टी, पुढे सीटच्या निमुळत्या टोकात, म्हणजे चोचीत, एक छोटा लोखंडी तुकडा, आणि या दोघांच्या मध्ये चामडं ताणून रिव्हेटांनी, म्हणजे चपट्या डोक्याच्या धातूच्या खिळ्यांनी, ठोकलेलं. मागच्या पट्टीवरचे रिव्हेट ओळीने बसलेले आहेत आणि त्यांची डोकी चामड्याच्या पातळीला इतकी बेताने बसवली आहेत की हात फिरवला तर गार लागतात, टोचत मात्र नाहीत. मागच्या पट्टीखाली दोन गुंडाळलेल्या स्प्रिंगा. चोचीच्या पोटात एक लांब बोल्ट. आमच्या गावाकडे सुंभाची खाट असायची, झोपून झोपून मध्ये सैल पडली की पायथ्याकडची दोरी ओढून ती पुन्हा ताणायचे. या सीटचा बोल्ट म्हणजे खाटेचा तो पायथा. वर्षांच्या वापराने चामडं सैल पडलं की पान्याने बोल्ट किंचित फिरवायचा. किंचित म्हणजे पाव आटा, फार तर अर्धा. लोक उत्साहाने आवळत सुटतात, चामड्याची ताण घेण्याची ताकद तिथेच संपवतात आणि मग सीट वाईट म्हणतात.

मऊ सीट म्हणजे आरामाची सीट, हा समज दुकानदारांनी पसरवला आणि गिऱ्हाइकांनी तो आनंदाने मानला. अंगठा दाबून बघायचं, अंगठा आत गेला की घ्यायची. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी अशीच जाडजूड जेलची सीट घेतली. पहिल्या दिवशी त्यांना ती फार आवडली. मग कुरकुर सुरू झाली: अर्ध्या तासाने मांड्यांच्या मधे बधिर होतं. यात त्यांची काही चूक नाही, कारण मऊपणाचं गणितच तसं आहे. फोम हाडांच्या खाली दबतो आणि दबून तळाला लागतो. तिथे मग आधार असा राहत नाही. जो फोम हाडांखालून हटला तो दोन्ही हाडांच्या मध्ये वर येतो, आणि नेमक्या त्याच जागेत नसा आणि रक्तवाहिन्या असतात. दाब जिथे हवा तिथे नाही, जिथे नको तिथे आहे. ताणलेलं चामडं याच्या उलट वागतं. ते हाडांना पुरता आधार देतं आणि दाबाखाली जेवढं झुकायचं तेवढंच झुकतं. मधला भाग वर फुगत नाही, कारण फुगायला तिथे काही भरलेलंच नाही. वर घाम चामडं शोषतं आणि खालून वारा लागतो. एप्रिल-मेमध्ये रेक्झिनच्या सीटवर बसून आलेल्या कुणालाही यातला फरक सांगावा लागणार नाही.

पण नवी सीट कडक असते, फार कडक. पहिले काही आठवडे तिच्यावर बसणं म्हणजे टेबलावर बसण्याइतकं कठीण. इथे पुष्कळ लोक हार मानतात. मला मात्र हे नवीन वाटलं नाही, कारण मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडे नवी चप्पल चावते, हे लहान पोरालाही माहीत असतं. चावते, करकरते, अंगठ्याला फोड आणते, आणि मग एके दिवशी पायाचीच होऊन जाते. दुसऱ्या कुणी ती घालून पाहिली तर त्याला ती नको तिथे खोलगट आणि नको तिथे उंच लागते.

हे साम्य वरवरचं नाही, याची खात्री मला सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागीर काकांनी करून दिली. चप्पल सांधायला गेले होते, सायकल दारात उभी केली. ते उठून बाहेर आले, खाली वाकले आणि सीटच्या कडेला जिथे चामडं कापलेलं दिसतं तिथे नख दाबून बघितलं. मग सीटच्या खाली हात घालून खरखरीत बाजूवर अंगठा फिरवला, नाक जवळ नेलं.

"ह्ये क्रोमचं न्हवं ताई," ते म्हणाले. "सालीचं हाय. आन् पाठीचं हाय, पोटाचं न्हाई."

दोन्ही गोष्टी बरोबर. क्रोम, म्हणजे क्रोमियम धातूचे क्षार, वापरून झटपट कमावलेल्या चामड्याचा कापलेला काठ आतून निळसर-राखाडी दिसतो. झाडाच्या साली आणि फळांनी कमावलेलं चामडं आरपार तपकिरी असतं. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचीक, बॅगा-जॅकेटांना उत्तम, पण ते दाबलं तरी पुन्हा आपल्या मूळ ठिकाणी यायला बघतं. सालीचं चामडं टणक असतं आणि ऊब, ओल आणि दाब मिळाला की नवा आकार घेतं आणि तो धरून ठेवतं. सीटलाही हेच हवं, चपलेलाही हेच हवं. कारखान्यात चामडं ओलं करून साच्यावर दाबतात आणि वाळवतात, तेव्हा त्याला पहिला आकार मिळतो. दुसरा आकार बसणाऱ्याने द्यायचा असतो, स्वतःच्या अंगाच्या उबेने आणि घामाने. पाठीच्या चामड्याचं म्हणाल तर जनावराच्या पोटाकडचं चामडं सैल विणीचं, ताणलं की लांबत जातं. पाठीचं आणि पुठ्ठ्याचं, म्हणजे जनावराच्या मागच्या भागाचं, दाट असतं. ताणून बसवायच्या वस्तूला दाटच हवं.

काकांनी मग जुनी पद्धत सांगितली. कातडं चुन्यात टाकून केस काढायचे, धुवायचं, आणि मग त्याचीच पिशवी शिवून ती टांगायची. पिशवीत बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातून हळूहळू पाझरतं, खाली जमा झालेलं पुन्हा वर ओतायचं, असं कित्येक दिवस. हिरडा आपल्या सह्याद्रीतला, जुन्नर-आंबेगावकडचे आदिवासी गोळा करतात तो. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कातड्याचं चामडं होतं, सडायचं थांबतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे वेणी आणि गोंड्यांइतकीच ही कमावण्याची रीतही आहे. स्मेथिकची सीट कुठल्या सालीने कमावली असेल ते असो, काकांच्या अंगठ्याला ती परकी वाटली नाही, याचा मला फार आनंद झाला.

आता पावसाळ्याचं. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पंचगंगा पात्राबाहेर येते, रस्त्यावरून पाणी वाहतं, घरातल्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. अशा गावात चामड्याची सीट वापरणं म्हणजे वेडेपणा, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. माझं म्हणणं असं की आपल्या बापजाद्यांनी याच पावसात चामड्याच्या सीटा वापरल्या, आणि त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशव्याही नव्हत्या.

सगळ्यात मोठा नियम एकच: चिंब भिजलेल्या चामड्यावर बसायचं नाही. ओलं चामडं वजनाखाली ताणलं जातं आणि तसंच वाळलं की कायमचं झोळ घेतं. बारीक शिंतोडे उडाले तर काही बिघडत नाही. सायकल उभी करायची असेल तेव्हा सीटवर पिशवी, आणि ती पिशवी सीटखालच्या स्प्रिंगेत कोंबून ठेवायची म्हणजे विसरत नाही. दुसरी गोष्ट मडगार्डची. वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा मागच्या चाकाने खालून उडवलेलं पाणी जास्त वाईट, कारण चामड्याची खालची बाजू उघडी असते आणि ती पाणी शोषून घेते. काळ्या सायकलचं लांब, पूर्ण मडगार्ड ते अडवतं. ज्या नव्या सायकलींना मडगार्ड नसतं, त्यांनी पावसात ही सीट लावूच नये.

भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपायची आणि घरात वारा लागेल अशा जागी सावलीत ठेवायची. उन्हात नाही, चुलीपाशी नाही, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. झटपट वाळवलेलं चामडं तडकतं. बुरशीचे ठिपके दिसले तर कोरड्या कापडाने पुसून हवा दाखवायची, घाबरायचं कारण नाही. ब्रुक्सची स्वतःची एक मेणाची डबी येते, तिच्यात चरबी, मेण आणि तेलं असतात, सिट्रोनेलाचा वास येतो. वर्षातून मोजक्या वेळा, पातळ थर, तोही फडक्याने घासून. नवी असताना खालूनही एकदा लावावं. तेल मात्र ओतू नये. चपलेला तेल पाजतात तसं सीटलाही पाजावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चपलेखाली जमीन असते, सीटखाली काही नसतं. तेलाने चामडं मऊ पडलं की ताण धरायला तिथे काहीच उरत नाही.

मधाच्या रंगाची सीट घेतली तर सुरुवातीला फिकट साडीला किंवा पँटला किंचित रंग लागतो. पहिला महिना गडद कपडे घालावेत. नंतर लागत नाही आणि चामडं स्वतःच गडद होत जातं.

स्प्रिंगांबद्दल दोन तक्रारी ऐकू येतात. एक, करकर वाजतात. स्प्रिंगेच्या बुडाशी जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे तेलाचा एक थेंब सोडला की गप्प होतात. दुसरी, जोरात पेडल मारताना अंग वरखाली होतं आणि ताकद वाया जाते. हे खरं आहे, पण जोरात पेडल मारणाऱ्याची ही सीटच नाही. ताठ बसून सावकाश पेडल मारणाऱ्याला ती उसळी जाणवत नाही. खड्ड्यावर मात्र जाणवतं ते वेगळंच. चाक आदळतं, सांगाडा वाजतो, आणि बसणारा त्या आदळण्याच्या जरासा मागाहून, हळूच खाली जाऊन वर येतो. धक्का तेवढाच असतो, पण तो एका क्षणात न येता पसरून येतो. पाठीला एवढंच हवं असतं. माझ्या कमरेच्या मणक्यांनी पूर्वी बराच त्रास दिलेला आहे, त्यामुळे हे मी मनापासून सांगते.

आणि बसवताना चोच किंचित वर ठेवावी. नव्या माणसाला ते चूक वाटतं. पण चामडं मध्ये झुकतं, त्यामुळे चोच सपाट किंवा खाली असली की माणूस पुढे घसरत राहतो, मग हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, आणि मनगटं व खांदे दुखायला लागतात. किंचित वर ठेवली की हाडं मागच्या रुंद भागात जाऊन बसतात आणि हात मोकळे होतात.

बायकांसाठी म्हणून आखूड चोचीची सीट असते, नावापुढे एस लिहिलेली. तिची कथा जुनी आहे. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या तेव्हा त्यांच्या सीटवरून डॉक्टरांनी आणि नीतिरक्षकांनी बराच गदारोळ केला. त्यातून नाना तऱ्हेच्या सीटा निघाल्या. क्रिस्टी नावाच्या सीटला तर धातूच्या तळावर दोन वेगळ्या गाद्याच होत्या, एकेका हाडासाठी एकेक. त्या गदारोळातलं नीतीचं सगळं सोडून द्यावं. शरीराचं मात्र खरं होतं: बायकांची बैठकीची हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात, आणि चढता-उतरताना लांब चोचीत कपडा अडकतो. साडी नेसून रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईला आखूड चोच किती कामाची आहे, ते चढल्याशिवाय कळणार नाही. माझी सीट एसच आहे.

ज्यांना चामडं नकोच असेल, धर्मामुळे म्हणा किंवा विचारामुळे, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. ब्रुक्सनेच रबर आणि सुती कापडाची कॅम्बियम नावाची सीट काढलेली आहे, ताणून बसवण्याचं तत्त्व तेच. पावसाला तर ती जास्तच चांगली. मी एकदा बसून पाहिली. चांगली आहे, पण ती बसणाऱ्याचा आकार घेत नाही.

मला खरी खंत आहे ती वेगळी. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, सोनीपतला अॅटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि ताठ बसायची सायकल गावोगाव पोचली. पोस्टमन, दूधवाले, गिरणी कामगार, मास्तर, सगळे तिच्यावर. त्या काळातल्या सायकलींवर चामड्याच्या सीटा असत. मग हळूहळू चामड्याच्या जागी रेक्झिन आलं, जाड स्प्रिंगांच्या जागी नावापुरत्या स्प्रिंगा आल्या, आणि वर झालरीचं मखमली कव्हर चढलं. सायकलची बाकी रचना तीच राहिली, माणूस तसाच ताठ बसत राहिला, फक्त त्याच्या पाठीला सांभाळणारी वस्तू काढून घेतली गेली. आज पहाटे एमआयडीसीकडे जाणारे कामगार बघा, डबा हँडलला अडकवून, फाटक्या सीटवर सुतळीने पोतं बांधून जातात. ज्यांना रोज सगळ्यात जास्त वेळ सायकलवर काढावा लागतो त्यांच्या वाट्याला सगळ्यात वाईट सीट. आणि बाहेरून येणारी चांगली सीट नव्या काळ्या सायकलपेक्षाही महाग. हे मला पटत नाही.

सालीने कमावलेलं दाट चामडं ज्या गावात होतं, ते कापणारी, ठोकणारी, कडा तासणारी माणसं ज्या गावात आहेत, तिथे सीट का होऊ नये? हा प्रश्न मी काकांना विचारला. मेकॅनिकमामांच्या माळ्यावर जुन्या सीटचा एक लोखंडी सांगाडा पडलेला होता, चामडं केव्हाच फाटून गेलेलं, स्प्रिंगा मात्र ठणठणीत. तो मी काकांकडे नेला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, मागच्या पट्टीच्या भोकांतली जुन्या रिव्हेटांची खोडं सुयाने ठोकून काढली, चोचीचा बोल्ट गंजलेला होता त्याला रॉकेल लावून ठेवलं. माझी सीट काढून त्याच्या शेजारी ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तिचा नमुना कापून घेतला. जाडी किती लागेल ते बोटांनी दोनदा चाचपलं. साच्यासाठी आंब्याच्या लाकडाचा ठोकळा सुताराकडून तासून घ्यायचा, असं ठरलं. तांब्याचे रिव्हेट मामा बघतो म्हणाले.

"पर आत्ता न्हाई," काका म्हणाले. "ह्या पावसात साच्यावर चामडं वाळायचं न्हाई, वास मारंल. दिवाळी होऊ द्या."

नमुन्याचा कागद त्यांनी खिळ्याला अडकवलाय. मी एमआयडीसीत जाणाऱ्या आमच्या शेजारच्या तात्यांना सांगून ठेवलंय की पहिली सीट त्यांच्या सायकलवर चढणार, कारण ते माझ्या दुप्पट अंतर जातात आणि वजनानेही भारी आहेत. ती कुठे टिकते आणि कुठे सैल पडते, ते त्यांच्याकडूनच लवकर कळेल.